आठ मंत्री, एक राजा! स्वराज्याचं कॅबिनेट कुठे हिट, कुठे फ्लॉप?

मुळशीत भजी, धुकं, सेल्फी सगळं झालं? मग आता थोडा इतिहासही होऊन जाऊ दे! पौड मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं... इथल्या मावळ्यांनी जे स्वराज्य उभं केलं, त्याचं पहिलं केंद्र सरकार, म्हणजे अष्टप्रधान मंडळ, कसं होतं, माहीत आहे का? चला, सुपरफास्ट फेरी मारू!

शपथविधी नव्हे, अभिषेक!
६ जून १६७४, रायगड. शिवरायांचा राज्याभिषेक. बखरकार सांगतात, पेशवे मोरोपंत पिंगळ्यांच्या हाती तुपाचा सोन्याचा कलश, सेनापती हंबीरराव मोहित्यांकडे दुधाचा चांदीचा, तर अमात्य रामचंद्र नीलकंठांकडे दह्याचा तांब्याचा. काय एंट्री आहे!

ऑल-राउंडर मंत्री
न्यायाधीश आणि पंडितराव सोडले, तर बाकी सहा मंत्र्यांना वेळ पडली की लढाईवर जावं लागे. १६७२ साली साल्हेरचं मैदान गाजवणाऱ्यांत खुद्द मोरोपंत होते. सकाळी हिशेब, दुपारी हल्ला!

पगार? कॅश!
मंत्र्यांना जहागीर नाही, रोख पगार. पदावर वारसाहक्कही नाही. स्वराज्याची सगळ्यात भक्कम तटबंदी हीच!

किल्ल्याच्या किल्ल्या कोणाकडे?
घनगड किंवा कोरीगड चढताना दम लागला, की थांबा आणि हे आठवा. स्वराज्यात गडाच्या चाव्या हवालदाराकडे, हजेरी-हिशेब सबनिसाकडे, धान्य आणि दारूगोळा कारखानिसाकडे. तिघे मुद्दाम वेगवेगळ्या जातींचे. एकटा कोणी फितूर झाला तरी गड सहज जाऊ नये, म्हणून हा ट्रिपल लॉक!

मोजपट्टी: पाच हात, पाच मुठी
सचिव अण्णाजी दत्तोंनी याच लांबीच्या काठीने जमीन मोजून घेतली. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद, की झाला एक बिघा. पिकाचे पाच वाटे: तीन रयतेचे, दोन सरकारचे. हिशेब एकदम क्लिअर!

कर गोळा करण्यात अमेरिका मागे?
हो! १७८१ साली अमलात आलेल्या अमेरिकेच्या पहिल्या केंद्र सरकारला कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचे, मिळालं तर मिळालं. शेवटी १७८९ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली. त्याच्या शंभर वर्षं आधी रायगडाकडे स्वतःचा खजिना होता, सोन्याचा होन होता आणि तांब्याची शिवराईही!

आता दुखरी नस
आठही जण थेट छत्रपतींना जबाबदार. राजा नसेल तर शेवटचा शब्द कोणाचा? याचा नियमच नव्हता. ३ एप्रिल १६८० रोजी शिवराय गेले आणि मंत्रिमंडळ फुटलं. मोरोपंत आणि अण्णाजी राजारामांच्या बाजूने. आणि राजारामांचे सख्खे मामा हंबीरराव? ते उभे राहिले संभाजीराजांच्या पाठीशी! याला म्हणतात ट्विस्ट.

अष्टप्रधानांत नववा!
पुढे संभाजीराजांनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा ‘प्रतिनिधी’ हे नवं पद आलं. मान प्रल्हाद निराजींना, म्हणजे राज्याभिषेकाच्या वेळचे न्यायाधीश निराजी रावजींच्या चिरंजीवांना. तिजोरी रिकामी, त्यात औरंगजेब वतनांचं आमिष दाखवून सरदार फोडतोय. मग वतनं परत सुरू झाली. नाइलाज होता, पण किंमत मोठी मोजावी लागली.

खुर्चीचं झालं संस्थान
मुळशीच्या शेजारच्या भोरचे राजे कोण होते, माहीत आहे का? पंतसचिव! गगनबावड्याला पंत अमात्य, औंधला पंतप्रतिनिधी. मंत्रिपदं पिढीजात झाली आणि राज्याचे तुकडे पडले. भोर संस्थान तर थेट १९४८ साली विलीन झालं.

फायनल मार्कशीट
रोख पगार, चोख हिशेब, वाटून दिलेली जबाबदारी: पैकीच्या पैकी! राजाच्या माघारी कारभार कसा चालावा: इथे मात्र मार्क गेले. मित्रांनो, पद म्हणजे काम, मालमत्ता नव्हे, हा शिवरायांचा नियम आजच्या प्रत्येक खुर्चीला लागू आहे. ग्रामपंचायत असो की संसद, मत देताना तो जरूर आठवा!