पेन ड्राइव्ह हरवला तरी डेटा सुरक्षित कसा ठेवायचा?



मी करमाडचा. शेंद्र्याच्या कंपनीतला नोकरीचा अर्ज असो की स्कॉलरशिपचा फॉर्म, पेन ड्राइव्ह खिशात टाकून झेरॉक्सचं दुकान गाठायचं हे आमचं ठरलेलं. गेल्या वर्षी एका दुकानात माझा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरलाच राहिला. दुसऱ्या दिवशी मिळाला, पण रात्रभर झोप लागली नाही. आत आधार, पॅन, मार्कशीट, आईच्या पासबुकचा फोटो, सगळं उघडंच होतं.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड होता म्हणा! पण तो म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. शेजारच्याच फाइलमधल्या पॅनकार्डवर नाव आणि जन्मतारीख दोन्ही छापलेली.

एन्क्रिप्शन म्हणजे काय?

पासवर्डच्या मदतीने फाइलचं रूपांतर अर्थ न लागणाऱ्या मजकुरात करणं. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनचं स्टोरेज आधीच एन्क्रिप्टेड असतं. पेन ड्राइव्ह किंवा साध्या मेमरी कार्डचं तसं नसतं; ज्याच्या हातात पडेल, त्याला सगळं दिसतं.

कसं करायचं?

१. विंडोज प्रो असेल तर: आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'टर्न ऑन बिटलॉकर' निवडा आणि पासवर्ड टाका. ४८ अंकी रिकव्हरी की मिळेल, ती त्याच पेन ड्राइव्हमध्ये ठेवू नका. पेन ड्राइव्ह जुना असेल तर 'एंटायर ड्राइव्ह' हाच पर्याय घ्या. नाहीतर पूर्वी डिलीट केलेल्या फाइल्स रिकाम्या जागेत तशाच राहतात आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढता येतात.

२. विंडोज होम असेल तर: त्यात बिटलॉकरचा ड्राइव्ह उघडतो, पण नवा तयार करता येत नाही. अशा वेळी व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर वापरा.

३. फक्त मोबाइल असेल तर: झेडआर्कायव्हर ॲपमध्ये फाइल्सची पासवर्ड टाकून ७झेड फाइल बनवा आणि तीच पेन ड्राइव्हमध्ये टाका. मूळ फाइल्स टाकू नका.

हे विसरू नका

पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही गेले, तर डेटा गेलाच. कुठलाही दुकानदार तो काढून देऊ शकत नाही.

दुसरं म्हणजे, दुकानातल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून ड्राइव्ह उघडला, की तेवढा वेळ सगळ्या फाइल्स उघड्याच. पासवर्डही तिथे कोणी टिपून ठेवू शकतं. म्हणून मी आता दोन पेन ड्राइव्ह ठेवतो. एन्क्रिप्ट केलेला घरी असतो. दुकानात नेतो तो साधा, त्यात फक्त त्या दिवशी प्रिंट काढायची एक फाइल. आधार द्यायचंच असेल तर जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

आज घरी गेल्यावर तुमचा पेन ड्राइव्ह एकदा उघडून बघा. त्यात तुमच्यासोबत घरातल्या कोणाकोणाची कागदपत्रं आहेत?