औषधाच्या किमतीमागचा कायदा

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, घटणारे वजन. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या दाट वस्तीत अशी लक्षणे दिसली की आम्ही प्रथम थुंकीची तपासणी सांगतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे निदान झाले, तर आज बेडाक्विलीन या गोळीचा मोठा आधार आहे. पूर्वीच्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती हिरावली होती. ही गोळी आवाक्यात येण्यामागे एक कायदा आहे आणि तो प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावा.

जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ट्रिप्स’ करारामुळे भारताला २००५ पासून औषधांवर वीस वर्षांचे पेटंट देणे भाग पडले. त्याच वेळी संसदेने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मध्ये एक अट घातली: जुन्या औषधाचे केवळ रूप बदलले, गुणकारिता वाढली नाही, तर नवे पेटंट मिळणार नाही.

हे कलम ‘ट्रिप्स’शी विसंगत असल्याचा दावा नोव्हार्टिस कंपनीने केला. २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो प्रश्न आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असे सांगून कलम वैध ठरवले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लिव्हेक’ या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाला पेटंट नाकारले. त्याचा मासिक खर्च लाखाच्या वर होता. जेनेरिक औषधाचा सुमारे दहा हजार.

बेडाक्विलीनबाबतही हेच घडले. क्षयोपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज फेटाळला. अन्यथा मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

आता दडपण द्विपक्षीय करारांतून येते. औषधचाचण्यांच्या माहितीवर कंपनीचा अनन्य हक्क असावा, ही युरोपीय देशांची मागणी भारताने २०२४ च्या ‘एफ्टा’ करारात मान्य केली नाही. जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारात मात्र औषध उपलब्धतेसाठी कंपनीच्या संमतीने दिलेल्या परवान्यांना प्राधान्याचा मार्ग म्हटले आहे. शासनाचा सक्तीच्या परवान्याचा अधिकार त्याने संपत नाही; परंतु तो वापरताना हात आखडता घेतला जाऊ नये. लोकांचे आरोग्य जपण्याचा राष्ट्रांचा हक्क २००१ च्या दोहा घोषणापत्राने मान्य केलेलाच आहे.

क्षयाची औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. उपचार अर्धवट सोडू नका. आणि व्यापार कराराची बातमी आली, की त्यात औषधांविषयी काय ठरले, हे आपल्या खासदारांना अवश्य विचारा.