गारद्यांचे बंड आणि बारभाईंचा कारभार

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या ऐन दिवसांत, थकलेल्या पगाराचा तगादा पुढे करून सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ आदी गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि ज्याच्या रक्षणाची चाकरी ते करीत होते त्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यास, तो चुलत्याच्या आश्रयास धावला असताही, त्यांनी ठार केले. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. बंड फळास आल्यावर राज्ययंत्राने ते कसे पचू दिले नाही, याची मात्र त्या मानाने फारच थोडी.

त्या चुलत्याने, म्हणजे रघुनाथराव ऊर्फ दादांनी, साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणविली, त्यामुळे खुनास सनदेचे कवच लाभले. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती दादांनाच दोषी ठरविले व पुणे सोडले. पण न्यायाधीशाच्या निवाड्याने तख्त हलत नाही. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृती मुत्सद्द्यांनी, म्हणजे बारभाईंनी, उतावीळपणा केला नाही. दादा फौजेसह मोहिमेवर गेल्यावर, जानेवारी १७७४ मध्ये, नारायणरावांची गर्भवती पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने त्यांनी कारभार सुरू केला. मार्चमध्ये पंढरपूरनजीक कासेगावास त्यांच्या फौजेचा पराभव झाला, त्र्यंबकराव पेठे कामास आले, तरीही हा पक्ष मोडला नाही. कारण सरदार, किल्लेदार आणि मामलेदार यांना हुकूम कोणाचा मानावा याचे उत्तर पुरंदराने अगोदरच देऊन ठेवले होते. १८ एप्रिलला पुत्र जन्मला आणि ज्या साताऱ्याने दादांना वस्त्रे दिली होती त्याच साताऱ्याहून चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी ती आली. स्पेनमध्ये १९८१ साली नागरी रक्षकदलाच्या बंडखोरांनी संसदेत शिरून लोकप्रतिनिधींना ओलीस धरले, तेव्हा राजा हुआन कार्लोस यांनी गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन हेच केले: संशयात पडलेल्या सेनाधिकाऱ्यांना खरा धनी कोण ते दाखविले.

सरदार दुरावल्यावर दादा माळव्याकडे हटले आणि पत्नी आनंदीबाईंना धार येथे ठेवून गुजरातकडे वळले. त्या धावपळीची झळ खानदेशासही लागली. तेथे तापीकाठी थाळनेर लागते. तेथील लहानशा किल्ल्यात दादांनी शिबंदी ठेविली, परंतु पुणे दरबारच्या फौजेपुढे ती टिकली नाही. पुढे ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस इंग्रजांशी तह करून त्यांनी घरचा कलह परक्यांच्या पदरात घातला, आणि त्यातून जे युद्ध उद्भवले ते सालबाईच्या तहापर्यंत चालले.

आता शासनाचे. महंमद इसाफास पकडून देहान्त दंड देण्यात आला. दादांच्या बाबतीत मात्र रामशास्त्र्यांचा निवाडा कागदावरच राहिला, कारण पेशव्यांच्या कुळातील पुरुषास, विशेषतः ज्याच्या पाठीशी इंग्रजांच्या तोफा आहेत त्यास, शासन करणे बारभाईंना परवडणारे नव्हते. १७८२ च्या त्या तहाने त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि त्यांचे अखेरचे दिवस कोपरगावी गेले.