सीडीतलं गाणं उतरलं, नावं कुठे राहिली?



अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये उन्हाळा आला की घरं बदलायचा मोसम सुरू होतो. कुणी कायमचं पुण्याला निघतं, कुणी स्टाट्सहार्टजवळच्या फ्लॅटमधून वेस्टवाइकला जातं. आणि हमखास प्रत्येक मराठी घराच्या बेर्गिंगमधून एक खोकं बाहेर येतं. त्यात कुमार, भीमसेन, गीतरामायण, पुलंची कथाकथनं, लग्नात कुणी दिलेला नाट्यगीतांचा संच. प्लेयर केव्हाच गेलेला, नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नाही. मग 'सगळं नेटवर मिळतं हो' असं म्हणून खोकं क्रिंगलोपच्या दुकानात जातं.

सगळं मिळत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विंडोजमध्ये गाण्याची सीडी उघडली की ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा फायली दिसतात. त्या उचलून हार्डडिस्कवर ओढल्या की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. त्या प्रत्येक फायलीचा आकार बघा, ४४ बाइट! अमुक गाणं तबकडीवर अमुक जागी आहे, एवढीच चिठ्ठी त्यात असते. गाणं सीडीवरच राहतं. गाण्याच्या सीडीवर मुळात फायली नसतातच, सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने आवाजाची एक सलग धार असते. फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये ठरवलेलं हे माप आजही तेच आहे. (मधलं भोक १५ मिलिमीटरचं. जुनं डच डुबेल्टे, म्हणजे दहा सेंटचं नाणं, तेवढंच होतं. त्यावरूनच ते माप घेतलं असं इथे सांगतात.)

ती धार उतरवून घ्यायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' आणि मॅकवर 'एक्सएलडी', दोन्ही फुकट. साध्या प्रोग्रॅमनेही गाणं येतं, पण ओरखडा आला की ड्राइव्ह न वाचलेला तुकडा अंदाजाने भरून पुढे जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. वरचे प्रोग्रॅम तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतात आणि जमलं नाही तर तसं सांगतात. इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी ताडून बघायचीही सोय त्यांत आहे, पण आपल्या एखाद्या नाट्यगीतांच्या सीडीला जगात जोडीदार सापडेलच असं नाही. तेव्हा दोनदा वाचून दोन्ही बेरजा जुळतात का ते बघायचं.

साठवायचं फ्लॅकमध्ये. त्यात आवाजातलं काहीही कमी होत नाही आणि जागा साधारण अर्धी लागते. १२८ च्या एमपीथ्रीचा हट्ट २००३ साली समजण्यासारखा होता, आता डिस्कला जागाच जागा आहे. शिवाय मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे एमपीथ्रीला बरेचदा बारीकशी उचकी लागते. ऐन समेवर लागली तर काय होतं ते ऐकणाऱ्यालाच विचारा.

आता खरी मेख. सीडीवर सहसा नावं नसतातच! संगणकात दिसणारी नावं नेटवरून येतात. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो या आकड्यांवरून सीडी ओळखली जाते आणि पूर्वी कुणीतरी टाइप केलेली माहिती आपल्यासमोर येते. मराठी सीडीला ही माहिती देणारा तुमच्या-आमच्यासारखाच कुणीतरी हौशी, घाईत रोमन लिपीत लिहून मोकळा झालेला. एकच गायक तीन स्पेलिंगांनी तीन जागी बसतो. कवीचं नाव तर बहुधा नसतंच. गीतरामायणाचं बघा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर झालेली ही ५६ गाणी. कलाकाराच्या रकान्यात सुधीर फडके येतील, पण गदिमा? आणि क्रमांक नीट भरले नाहीत तर फोन गाणी अकारविल्हे लावतो, मग रामजन्माआधीच वनवास. डिस्क क्रमांक आणि गाण्याचा क्रमांक हे दोन्ही रकाने भराच.

शास्त्रीय संगीतात तर राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे सगळं आतल्या कागदावर असतं. तो कागद क्रिंगलोपला गेला की साथीदार गेले. फोनने दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकावेत आणि सवड मिळेल तेव्हा नावं देवनागरीत लिहावीत. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, गाणं उतरायला फार तर दहा-पंधरा मिनिटं.

सुरुवात कुठून करायची? लताबाईंच्या संग्रहापासून नको, तो कुठेही मिळेल. खोक्याच्या तळाशी मार्करने 'आजोबा, भजन' असं लिहिलेली जी हिरवट-निळसर सीडी आहे, ती आधी. कुणा मामाने कॅसेटवरून घरी बर्न करून पाठवलेली. कारखान्यात ठसा मारून केलेल्या सीडीपेक्षा ही नाजूक. तिच्यात रसायनाचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने उतरतो. वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर आणखीच पंचाईत, ते ओढून काढायला जाऊ नका. तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. उतरवल्यावर दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत घरातल्या डिस्कवर आणि एक भावाबहिणीकडे भारतात.

'हे कायदेशीर आहे का हो?' असं विचारणारे असतातच. इथल्या कॉपीराइट कायद्याच्या १६-क कलमाप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी स्वतः केलेली प्रत चालते. त्याची भरपाई आपण आधीच करतो. २०१३ पासून फोन आणि संगणकांवरही घरगुती प्रतींची आकारणी आहे, ती किमतीतच येते. मात्र मूळ वैध हवं, युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये ते स्पष्ट केलं. आणि भरलेली हार्डडिस्क गणपतीत सगळ्यांना वाटणं यात बसत नाही, कितीही पुण्याचं काम वाटलं तरी. आजोबांचं भजन आपलंच, ते घरात खुशाल वाटा.

यूएसबीचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह स्वस्तात मिळतो. चार घरांत मिळून एक पुरे. मात्र खोकी रिकामी व्हायच्या आत घ्या.