आगमनकाळ आणि विलापाची परंपरा

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ ख्रिस्ती परंपरेत आगमनकाळ म्हणून पाळला जातो. अनेक चर्चमध्ये या काळात धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात आणि दर रविवारी एक याप्रमाणे मेणबत्त्या प्रज्वलित केल्या जातात. हा काळ प्रतीक्षेचा आणि आत्मपरीक्षणाचा मानला जातो.

या प्रतीक्षेत विलापालाही स्थान आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. त्या शोकाचे पडसाद बायबलमधील पाच अध्यायांच्या ‘विलापगीत’ या ग्रंथात उमटले आहेत. त्यात आक्रोश आहे, तशीच स्वतःच्या दोषांची कबुली आणि देवाकडे केलेली दाद आहे.

दिल्लीतील ख्रिस्ती समाजाला २०१४ मध्ये याचा प्रत्यय आला. ३० नोव्हेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार झाला आणि दुसऱ्याच दिवशी दिलशाद गार्डन येथील सेंट सेबॅस्टियन चर्चचा अंतर्भाग आगीत जळून खाक झाला. २ डिसेंबरला पोलीस मुख्यालयाबाहेर निदर्शने झाली. दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी न्यायालयीन चौकशीची मागणी केली, तर पोलिसांनी विशेष तपास पथक स्थापन केले.

अशा प्रसंगी धर्मनेतृत्वाची कसोटी लागते. अनुयायांचे दुःख दडपून केवळ संयमाचा उपदेश केल्यास विश्वास ढळतो आणि संतापाला मोकळी वाट दिल्यास सलोखा धोक्यात येतो. दुःख उघडपणे मांडणे, सूड टाळणे आणि सनदशीर मार्गाने न्याय मागणे, हीच विलापाची शिकवण आहे.