विजेची अवजारे आणि कारागिराची सुरक्षितता

वाकस, पटाशी, करवत, रंधा आणि गिरमिट ही ग्रामीण सुताराची पिढ्यान्‌पिढ्यांची अवजारे होत. बलुतेदारीच्या काळापासून गावचा नांगर, बैलगाडी, घराचे दार आणि देवघराचा चौरंग याच अवजारांतून आकारास आला. गावोगाव वीज पोहोचली आणि या अवजारांच्या जोडीला विजेचा रंधा, ड्रिल, ग्राइंडर व सँडर येऊन बसले. काचकागदाने घासून फळी गुळगुळीत करण्यास जेथे सारी दुपार खर्ची पडत असे, तेथे सँडरने ते काम तासाभरात उरकते. यामुळे कारागिराचे श्रम वाचतात, कामाचा दर्जा सुधारतो आणि शहरातील कारखानदारीशी स्पर्धा करण्याचे बळ त्याला लाभते. हा बदल सर्वथा स्वागतार्ह आहे.

या बदलास शासकीय योजनांचीही जोड मिळाली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून, कौशल्य प्रशिक्षणाबरोबरच अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद तीत करण्यात आली आहे. ग्रामीण अर्जदाराच्या पडताळणीचा पहिला टप्पा ग्रामपंचायतीच्या पातळीवर पार पडतो. अवजार कोणाच्या हाती जाणार, हे पंचायतीला सर्वांत आधी कळते. म्हणूनच ते अवजार वापरणाऱ्याची बोटे, डोळे आणि फुप्फुसे सुरक्षित राहावीत, ही जबाबदारीही काही अंशी पंचायतीकडे येते.

अवजाराचा बदललेला स्वभाव

हाताच्या अवजारामागे कारागिराच्या दंडाचे बळ असते. हात थांबला की करवत थांबते. पटाशी निसटली तर जखम होते, परंतु ती बहुधा एका घावापुरतीच असते. विजेच्या अवजारामागे मोटारीचे बळ असते आणि हात अडखळला तरी मोटार फिरतच राहते. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. याचा हिशेब केल्यास चकतीच्या कडेचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर भरतो. एवढ्या वेगापुढे माणसाची प्रतिक्षिप्त क्रिया अपुरी पडते. धोका दिसल्यावर हात मागे घेऊ, हा हाताच्या अवजारांवर मिळवलेला अनुभव येथे कामी येत नाही. सुरक्षिततेची तयारी कळ दाबण्यापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे.

ग्राइंडरला लावलेले करवतीचे पाते

लाकूडकामातील एक घातक प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ग्राइंडर हे मुख्यत्वे लोखंड घासण्याचे व कापण्याचे अवजार. वेगळी विजेची करवत घेण्याचा खर्च वाचावा म्हणून त्याच ग्राइंडरला दातेरी पाते बसवून लाकूड कापले जाते. पाते मोठे असले तर आडवे येणारे संरक्षक कवच काढून टाकले जाते.

यातील धोका समजून घेणे आवश्यक आहे. लाकूड कापताना चिरेच्या दोन्ही बाजू आवळल्या गेल्या, किंवा पाते गाठीत वा खिळ्यात अडकले, तर पात्याची गती क्षणभर रोखली जाते आणि मोटारीचे सारे बळ अवजारालाच मागे किंवा वर फेकते. विजेच्या करवतीला लाकडावर टेकणारा रुंद तळ असतो आणि कापणे थांबताच पाते झाकणारे कवच असते. ग्राइंडरला यांपैकी काहीही नाही. झटका बसताच उघडे पाते मनगट, मांडी किंवा चेहऱ्याकडे येते. म्हणून लाकूड कापण्यास करवतच वापरावी. ग्राइंडरला दातेरी पाते कदापि लावू नये आणि त्याचे कवच काढू नये. चकतीवर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा ग्राइंडरच्या फेऱ्यांहून कमी असल्यास ती चकती बसवू नये. चीर गेलेली चकती टाकून द्यावी. चकती बदलण्यापूर्वी कळ बंद करणे पुरेसे नाही. प्लगही काढून ठेवावा.

सँडर आणि लाकडाची धूळ

सँडरमुळे बोट तुटण्याचे भय कमी, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. त्याचा अपाय संथ आणि अदृश्य आहे. सँडरमधून उडणारी धूळ इतकी सूक्ष्म असते की ती बराच काळ हवेत तरंगत राहते आणि श्वासावाटे आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. दमा, सततची सर्दी व त्वचेची खाज हे विकार तर त्याहून लवकर जडतात.

तोंडाला बांधलेला पंचा किंवा रुमाल ही सूक्ष्म धूळ अडवू शकत नाही. त्यासाठी एन-९५ प्रकारचा किंवा भारतीय मानक आय. एस. ९४७३ नुसार तयार झालेला, नाकाभोवती घट्ट बसणारा मास्क हवा. सँडरला धूळ गोळा करणारी पिशवी असल्यास ती लावावी आणि अर्धी भरताच रिकामी करावी. काम शक्यतो उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा एका बाजूने वाहील असे उभे राहून करावे. पाठीमागून वारा आल्यास छातीपुढे भोवरा निर्माण होऊन धूळ तोंडाकडेच येते. दिवसाच्या शेवटी कोरड्या झाडूने झाडल्यास बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. लाकडाची कोरडी धूळ सहज पेट घेते. म्हणून लोखंड घासण्याचे, ठिणग्या उडवणारे काम तिच्याजवळ करू नये.

जुनी दारे, खिडक्या आणि शाळेतील बाके घासताना अधिक दक्षता घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये करण्यात आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अंमलात आले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असण्याचा संभव आहे. असा रंग सँडरने घासल्यास शिशाची धूळ उडते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती विशेष बाधक ठरते. हा रंग ओला करून खरवडावा, काम सुट्टीच्या दिवशी करावे आणि निघालेला थर पिशवीत बंद करून ठेवावा.

वीजजोडणी, पोशाख आणि कान

आपल्याकडील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून ती काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करण्याची सवय ही अपघाताला दिलेले आमंत्रणच होय. तीन पिनांचा प्लग, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक उपकरण या तीन गोष्टी कार्यशाळेत असल्याच पाहिजेत. हे उपकरण विजेचा धक्का जीवघेणा ठरण्यापूर्वी प्रवाह खंडित करते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये. प्लग लावण्यापूर्वी अवजाराची कळ बंद असल्याची खात्री करावी. कळ चालू स्थितीत अडकलेली असल्यास पट्ट्याचा सँडर प्लग लावताच टेबलावरून धावत सुटतो.

गळ्यातील दोरा, हातातील कडे, अंगठी, सैल बाही, उपरणे किंवा ओढणी फिरत्या भागात गुंतली तर हातही आत ओढला जातो. याच कारणास्तव ड्रिल चालवताना सैल हातमोजे घालू नयेत. लहान लाकूड हाताने न धरता शिकंज्यात आवळावे. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा लावावा. ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर सर्वमान्य हिशेबाने १०० डेसिबलसाठी ही मुदत अवघी १५ मिनिटे उरते. एकदा गेलेले ऐकणे परत येत नाही. म्हणून कानात बोळे घालणे हा चैनीचा भाग मानू नये.

अपघात घडल्यास

प्रथम वीज बंद करावी. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीस उघड्या हाताने स्पर्श करू नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद किंवा चुना भरण्यात वेळ दवडू नये. बोट तुटल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श तुटलेल्या भागास होऊ देऊ नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावून रुग्णाबरोबर तो भागही रुग्णालयात न्यावा.

पंचायत आणि शाळेचे कार्य

मोठ्या कारखान्यातील कामगारासाठी सुरक्षिततेचे कायदे फार पूर्वीपासून झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला कवच असणे बंधनकारक केले. परंतु त्याच्या मूळ तरतुदी विजेवर चालणाऱ्या आणि १० किंवा अधिक कामगार असलेल्या जागेस लागू होत्या. बाप, मुलगा आणि एखादा मदतनीस अशा तिघांची कार्यशाळा त्या कक्षेबाहेर राहिली. जेथे निरीक्षक पोहोचत नाही, तेथे शिक्षण पोहोचले पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याची पद्धत ग्रामीण शाळांपर्यंत नेली. ज्या शाळांतून असे कार्यानुभवाचे तास होतात, तेथे अवजार चालवण्याच्या पहिल्या धड्यातच चष्मा, मास्क आणि प्लग काढण्याची सवय लावता येईल. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मात्र ग्राइंडर देऊ नये.

ग्रामपंचायतींना एक सोपा उपक्रम हाती घेता येईल. खंडेनवमीला आपले कारागीर अवजारे स्वच्छ करून त्यांची मनोभावे पूजा करतात. त्याच दिवशी वीजतंत्रीस बोलावून गावातील प्रत्येक कार्यशाळेची वायर, अर्थिंग आणि अवजारांची कवचे तपासून घ्यावीत. या तपासणीचा खर्च अल्प आहे, आणि ज्या हातावर सारे कुटुंब उभे आहे तो हात त्यामुळे शाबूत राहणार आहे.