अंड्यावरील जपानी लावीच्या आहारातील खनिजे

जपानी लावी सहाव्या-सातव्या आठवड्यापासून अंडी देऊ लागते. तिच्या सुमारे १० ग्रॅमच्या अंड्याच्या कवचात जवळपास ०.३ ग्रॅम कॅल्शियम असते. दैनंदिन २५ ग्रॅम खाद्यात कॅल्शियमचे प्रमाण २.५ टक्के ठेवल्यास तिला सुमारे ०.६ ग्रॅम मिळते. त्यातील साधारण निम्मेच शोषले जाते. म्हणजेच हिशेब जेमतेम जुळतो. मक्यात कॅल्शियम नगण्य असून बहुतांश स्फुरद फायटेटमध्ये बद्ध असते. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी केवळ घरच्या धान्यावर लावी पाळल्यास कवचासाठी हाडे झिजतात, पातळ कवचाची अंडी फुटतात आणि पालकाचे उत्पन्न बुडते. चुनखडीची भुकटी अथवा शिंपल्यांचा चुरा व त्यासोबत अल्प प्रमाणात जस्त आणि मँगनीज देणे हा त्यावरील सुलभ उपाय होय. मात्र स्फुरदाचा अतिरेक कॅल्शियमच्या शोषणास बाधक ठरतो, हे विसरता कामा नये.